जुनी लक्झरी फोर बाय फोर घ्यायची आहे, भरवशाची आहे की नाही ते कसं ओळखायचं?

घाटवाटा (सातारा)

मंडळी, नमस्कार. पैसे गुंतायच्या आधी चार अनुभवी माणसांना विचारावं म्हणून धागा काढतोय.

मी गोडोलीत राहतो, दुकान पोवई नाक्यावर. मेढ्याच्या पुढं आमचं जुनं घर आणि थोडी जमीन आहे. डांबरी सोडल्यावर शेवटचे दोन किलोमीटर पावसाळ्यात नुसता चिखल आणि चढ. आत्ताची छोटी गाडी जूनपासून खालीच लावावी लागते, आणि आईचे गुडघे आता तेवढं चालू देत नाहीत. गेले दोन पावसाळे तिनं तिचं घर बघितलेलं नाही. हे खरं कारण. दुसरं कारण म्हणजे स्पितीला जायचं फार वर्षांपासून मनात आहे.

बजेट १६ लाख. पुण्यात एक गाडी बघितली. युरोपियन, २०१४ ची, तीन लिटरचं व्ही-सिक्स डिझेल, आठ गिअरची ऑटोमॅटिक, एअर सस्पेन्शन, लो रेंज (चढाला, चिखलाला जादा जोर देणारा गिअर). एमएच १२ पासिंग, सेकंड ओनर, मीटरवर ९१ हजार. नवी असताना ७० लाखांच्या घरात होती. एजंट पावणेसोळा सांगतोय. "टाप कंडिशन, डॉक्टर यूज्ड, एक रुपयाचं काम नाही." कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तोही इथं वाचत असेल.

मला जिंकलं ते एका गोष्टीनं. बटण दाबलं की गाडी हळूच खाली बसते. आईला पाय उचलायची गरजच नाही, खुर्चीत बसावं तशी बसेल.

अशी गाडी पुढं किती साथ देईल हे घेण्याआधी कसं ओळखायचं? घरात सगळे विरोधात आहेत, मन मात्र तिकडंच ओढतंय.


कृष्णाकाठ (सांगली)

दादा, बाकी सगळं नंतर. गाडी पुरात गेलेली नाही ना, हे आधी बघा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. आमच्या गल्लीत गाड्यांचे नुसते टप दिसत होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्या गाड्या नंतर गेल्या कुठं? इन्शुरन्सनं टोटल लॉस केल्या, लिलावात गेल्या, धुऊनपुसून लांबच्या शहरात विकल्या गेल्या. पुण्याचं पासिंग आहे म्हणजे गाडीनं कृष्णेचं पाणी बघितलेलंच नाही असं समजू नका.

बघायचं कसं ते सांगतो. चारही सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. गाडी धुणारा वरचा पट्टा धुतो, आत गुंडाळलेला धूत नाही. तिथं गाळाची रेघ सापडली की विषय संपला. मग पुढची सीट मागं सरकवून रुळावरचा गंज बघा. डॅशबोर्डच्या खाली टॉर्च मारून स्क्रूची डोकी बघा. डिकीतली चटई उचलून कोपऱ्यात बोट फिरवा. आमच्या शेजाऱ्यांनी घेतलेल्या गाडीत तिथं वाळलेला काळा गाळ निघाला, पापडासारखा. आम्ही सांगलीकर तो गाळ वासावरून ओळखतो.

असल्या गाड्यांत बरेच कंट्रोल मॉड्यूल (गाडीचे छोटे कॉम्प्युटर) सीटखाली नाहीतर कार्पेटखाली असतात. ओल एकदा कनेक्टरमध्ये शिरली की वर्ष-दोन वर्षांनी हिरवा गंज धरून एकेक दिवा पेटायला लागतो.


रानवाट

फॉर्च्युनर घ्या आणि झोपा निवांत.


मिरजेचा फिटर

मी तीस वर्षं या धंद्यात आहे, त्यातली शेवटची बारा मोठ्या गाड्यांवर. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

"हे मॉडेल भरवशाचं आहे का" हा प्रश्न नव्या गाडीला विचारायचा असतो. दहा-अकरा वर्षांच्या गाडीला विचारायचं, ही गाडी आजवर कुणी कशी सांभाळली. एकाच लॉटमधल्या दोन गाड्या माझ्याकडं येतात. एक अडीच लाख किलोमीटरला सुद्धा शिलाई मशीनसारखी चालते, दुसरी ऐंशी हजाराला इंजिन खोलायला आलेली असते. फरक ऑइलचा.

आता तपासणी. सकाळी जा, आणि जाऊन पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. बॉनेट गरम असेल तर तिथंच थांबा. तुम्ही यायच्या आधी कुणीतरी गाडी सुरू करून ठेवलीय, म्हणजे थंड इंजिनाचा आवाज आणि धूर तुम्हाला कळू द्यायचा नाही. डिझेलचं खरं दुखणं पहिल्या अर्ध्या मिनिटात समजतं. चेनची खडखड, निळसर धूर, इंजेक्टरची टकटक, सगळं तेव्हाच. इंजिन तापलं की गाडी शहाण्यासारखी वागते. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडा. थोडी वाफ ठीक, पण वाफाळलेल्या इडलीपात्रासारखा धूर भसाभसा येत असेल तर आत काम आहे.

एअर सस्पेन्शन. तुम्हाला जे आवडलंय तेच सगळ्यात आधी खर्च काढतं. चार कोपऱ्यांत स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात. वयानं रबराला घडीच्या जागी चिरा पडतात आणि हवा बारीक बारीक गळते. मग कॉम्प्रेसर ती भरून काढायला सारखा चालतो आणि एक दिवस तोही बसतो. गळकी पिशवी वेळेत बदलली तर एका पिशवीवर भागतं, दुर्लक्ष केलं तर पिशवी अधिक कॉम्प्रेसर. यासाठी गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी पाहिजे. सकाळी चारही चाकांवर टायर आणि मडगार्डमधलं अंतर बोटांनी मोजा.

गिअरबॉक्स. आठ गिअरचा म्हणजे बहुतेक झेडएफचा असणार. गाडी बनवणारे त्याच्या ऑइलला "आयुष्यभराचं" म्हणतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी बदला म्हणते. तुमच्या गाडीची वर्षं केव्हाच उलटली आहेत. बदललंय का, बिल दाखवा, एवढंच विचारा.

टायर. फुल टाइम फोर बाय फोरला चारही टायर एकाच मापाचे, एकाच मेकचे, जवळपास सारख्याच घासलेले लागतात. मागं नवे आणि पुढं गुळगुळीत असले तर चाकांचे फेरे कमी-जास्त होतात आणि तो ताण ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) खाते.

शेवटचं. तुमचं रोजचं चालवणं गोडोली ते पोवई नाका. गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, आहे का बघा. ती जाळी साफ व्हायला गाडी हायवेला सलग तापून पळावी लागते. रोज दोन-तीन किलोमीटर चालवलं तर काजळी साठते, गाडी ती जाळायला जादा डिझेल फवारते, त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग गेले. चांगली गाडी चुकीच्या कामाला लावल्यावर अशी मरते, आणि मग मालक म्हणतो कंपनीच बोगस.

आणि हिशोब पक्का लक्षात ठेवा: गाडी सोळा लाखांची झाली, तिचे पार्ट अजून सत्तर लाखांच्या गाडीचेच आहेत.


घाटवाटा (सातारा)

काका, दंडवत. डीपीएफचा मुद्दा कुणीच सांगितला नव्हता.


कोयनाकाठची लेक

फिटरकाका हिशोबाचं बोलले, मी रस्त्यावरचं सांगते.

आमच्याकडं अशीच एक युरोपियन होती, पाच वर्षं. सुख काय असतं ते त्या गाडीनं दाखवलं, हे आधी कबूल करते. कोयनेच्या कडेचे खड्डे पोटातलं पाणी न हलता पार व्हायचे.

मग एकदा जुलैत केळघर घाटात, संध्याकाळी सहाला, धुक्यात, सस्पेन्शनचा दिवा लागला आणि गाडी एका बाजूनं खाली बसली. टायर मडगार्डला घासायला लागला. मोबाइलला रेंज नाही. मुलगी सहा वर्षांची. एका वडापवाल्यानं (शेअर जीपवाल्यानं) मेढ्यापर्यंत सोडलं. क्रेन आली ती पुढची दोन चाकं उचलून ओढणारी. यांनी नशिबानं थांबवलं, कारण फुल टाइम फोर बाय फोर अशी दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर ट्रान्स्फर केस जाते. सपाट ट्रॉलीचा ट्रक साताऱ्याहून यायला रात्रीचे अकरा वाजले. आणि गाडी एवढी खाली बसलेली की ट्रकच्या रॅम्पवर चढेना, पुढचा बंपर टेकायचा. शेवटी चाकांखाली फळ्या सरकवून चढवली. त्यानंतर एकवीस दिवस गाडी पुण्यात, पार्टची वाट बघत.

बिल भरता येतं हो. ते एकवीस दिवस आमच्याकडं दुसरी गाडी होती म्हणून निभावले. तुमच्याकडं आहे का?


कराडचा चक्रधर

सगळेच घाबरवायला लागले, म्हणून लिहितो. माझ्याकडं चार वर्षं झाली, त्याच जातीची गाडी आहे, एमएच ५० करून घेतलीय. ७२ हजार किलोमीटरला घेतली, आज १ लाख ३१ हजार. रस्त्यात एकदाही थांबलेली नाही. स्पिती करून आलोय, काझा, कुंझुम, सगळं.

पण मी काय केलं ते ऐका. घेताना पहिल्या मालकाला भेटलो, एजंटला नाही. त्यांच्याकडं जाडजूड फाइल होती, पहिल्या सर्व्हिसपासूनची. बजेट तेव्हा १८ होतं. गाडी १४ ला घेतली आणि ४ लाख वेगळे ठेवले, त्याला हात लावायचा नाही असं बायकोसमोर कबूल केलं. पहिल्या दोन महिन्यांत त्यातले एक लाख नव्वद गेले: गिअरबॉक्सचं ऑइल आणि तळाचं पॅन (त्यात फिल्टर जोडूनच येतो), पुढच्या दोन एअर पिशव्या, सगळे कूलंट पाइप, बॅटरी. बॅटरी आवर्जून लिहितो, कारण या गाड्यांत बॅटरी जरा कमजोर झाली की भलतेसलतेच दिवे लागतात आणि माणूस नको ते पार्ट बदलत बसतो. ऑइल कंपनी सांगते त्याच्या निम्म्या अंतराला बदलतो.

आणि स्वतःचा स्कॅनर आहे, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा. दर रविवारी लावतो. बायको म्हणते एवढं बीपी कधी स्वतःचं तपासलं असतंस.


वडापवाल्याचा पोरगा (पाटण)

माझा प्रश्न वेगळाच आहे. दोन किलोमीटर चिखलासाठी एवढं पाहिजे का?

वडिलांनी सव्वीस वर्षं वडाप केलं, आधी जीप, मग ट्रॅक्स. चौदा माणसं आत, दोन मागं लटकलेली, वर शेळी आणि भाताची पोती. फोर बाय फोर बिर काय नाय. कुठल्या वळणावर पहिल्या गिअरात यायचं आणि कुठं पाय सोडायचा नाही, हे ठाऊक. वडील म्हणायचे, चिखलात गाडी अडकत नाही, घाई अडकते.

गाडी घेऊ नका म्हणत नाही, आईसाठी घेताय तर घ्याच. पण चिखलात पहिलं काम टायर करतो. महागड्या गाडीला हायवेचे रुंद गुळगुळीत टायर असतात, ते आमच्या तांबड्या मातीत दोन फेऱ्यांत लिंपून जातात आणि मग फोर बाय फोर चारही चाकं जागेवर फिरवते. टायरचे पैसे हिशोबात धरलेत का?


मिरजेचा फिटर

पाटणकर पोरा, शंभर टक्के. वडिलांना नमस्कार सांग.


अर्ज_क्रमांक_३०

कागदाचं मी सांगतो, रोजचं काम आहे.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी मूळची कुठल्या राज्यातली हे जरूर बघा. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. तेव्हापासून तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या इकडं स्वस्तात यायला लागल्या. गाडी वाईट असते असं नाही, पण राज्याची एनओसी आणि इथला कर कुणी भरायचा हे आधी ठरवून घ्या, नाहीतर स्वस्त गाडी महाग पडते. २०१४ ची आहे म्हणजे २०२९ ला पंधरा वर्षं पूर्ण होऊन नूतनीकरण आलं, पुढं दर पाच वर्षांनी.

आता एक युक्ती. मागच्या इन्शुरन्स पॉलिसीची प्रत मागा आणि त्यावरचा नो क्लेम बोनस बघा. ५० टक्के असेल तर आत्ताच्या मालकानं निदान पाच वर्षं क्लेम घेतलेला नाही. शून्य असेल तर का शून्य, हे विचारा. तो बोनस तुम्हाला मिळणार नाही, तो माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. पण तो बरंच काही सांगतो.

आणि काचा बघा. चारही दारांच्या काचांवर बनवल्याच्या वर्षाची खूण असते. तीन काचा २०१४ च्या आणि एक २०१८ ची असेल तर त्या दाराला काहीतरी झालेलं आहे.


पजेरोप्रेमी

कुणी पजेरोचं नाव काढलं नाही म्हणून लिहितोय. एसएफएक्स, २.८ डिझेल, चेन्नईजवळ तिरुवल्लूरला हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात जोडलेली. माझी २००६ ची आहे. कॉमन रेल (नव्या डिझेलची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत) नाही, नखरे नाहीत. डकार रॅली बारा वेळा जिंकलेल्या घराण्यातली आहे. आवाज करते, डिझेल पिते, पण ठोसेघरच्या पावसात कधी नाही म्हटलं नाही. पार्ट शोधावे लागतात हे खरं, मी कटिंगचा (तोडलेल्या जुन्या गाड्यांचा) माल आधीच घेऊन माळ्यावर ठेवलाय. एक अख्खा स्टार्टर आणि दोन हेडलाइट माळ्यावर आहेत.


रानवाट

माळ्यावर अजून थोडी जागा असेल तर दुसरी पजेरोच ठेवा की.


कास_पठार

विषयांतर करतो, क्षमस्व. गाडी कुठलीही घ्या, पण कासला आणि बामणोलीच्या बाजूला रस्ता सोडून उतरवू नका. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे. त्या कातळावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभर सुद्धा नसतो, आणि त्यातच ती फुलं येतात. जड गाडीचं एक चाक फिरलं की ती जागा वर्षानुवर्षं भरून येत नाही. गेल्या सप्टेंबरला चाकोऱ्या बघून रडू आलं.


घाटवाटा (सातारा)

कासचं मनापासून पटलं. आमची वाट स्वतःच्या बांधावरची आहे, गाडी तेवढीच चालेल.

आता काल काय झालं ते सांगतो. कराडचे चक्रधर दादा स्वतःचा स्कॅनर घेऊन आले, पहाटे चारला साताऱ्यातून निघालो. एजंटला आदल्या दिवशी बजावलं होतं, गाडी रात्रभर हलवू नका. खंबाटकी उतरलो तेव्हा उजाडत होतं. सव्वासहाला पोचलो. वॉचमन झाडू मारत होता. मी बॉनेटवर हात ठेवला.

कोमट होतं. गरम नाही, पण बाजूच्या गाडीवर हात ठेवला आणि फरक कळला. वॉचमन म्हणाला, "पाचला चालू केलती की, साहेबांनी सांगितलंतं." गाडी चारी बाजूंनी सरळ उभी, छान. म्हणजे हवा भरून ठेवलेली.

चक्रधर दादा काही बोलले नाहीत. गाडी सुरू करून आवाज ऐकला, बंद केली आणि म्हणाले, चला, नाष्टा करून येऊ. आम्ही मिसळ खाल्ली, दोन-दोन चहा घेतले, मुद्दाम दोन तास लावले. परत आलो. पुढचं डावं चाक. आधी टायरच्या वर चार बोटं मावत होती, आता जेमतेम दोन. दोन तासांत दोन बोटं.

मग स्कॅनर. एरर एकही नाही, सगळं स्वच्छ. मी खूश झालो. दादांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर, २३ किलोमीटर. बऱ्याच चाचण्या "अपूर्ण" दाखवत होत्या. म्हणजे आमच्यासाठी पाटी पुसून ठेवली होती, आणि पाटीवर काय लिहिलं होतं ते गाडी पुन्हा शंभर-दोनशे किलोमीटर चालवल्याशिवाय कळणार नाही. मागचे टायर नवे, पुढचे २०१८ चे. सीटबेल्ट स्वच्छ निघाले, पुराचं काही नाही. गिअरबॉक्सच्या ऑइलचं बिल नाही.

एजंटला शांतपणे सगळं सांगितलं. त्यानं एका दमात सव्वादोन लाख उतरवले. साडेतेरा.

आता माझी पंचाईत झालीय. साडेतेरात पिशव्या, कॉम्प्रेसर, ऑइल सगळं करून सुद्धा सोळात बसतं की. काय करू?


कृष्णाकाठ (सांगली)

पुराची नाही हे ऐकून बरं वाटलं. पण एका दमात सव्वादोन उतरवतो त्याला काय माहिती आहे, हा विचार करा.


कराडचा चक्रधर

तिथं होतो म्हणून माझं मत स्पष्ट लिहितो. साडेतेराला ती गाडी मी घेईन. तुम्ही घेऊ नका.

राग मानू नका. गाडी मुळातून वाईट नाही. इंजिनाचा आवाज मला आवडला, जेवढा कोमट इंजिनावर कळला तेवढा. पण माझ्याकडं दुसरी गाडी आहे, माझं रोजचं चालवणं कराड ते कोल्हापूर हायवेचं आहे, आणि पुसलेल्या कोडमागं दीड-दोन लाखांचं अजून काही निघालं तर माझा महिना कोसळणार नाही. तुमचे सोळा म्हणजे सोळाच आहेत. त्यात ही एकच गाडी, रोजचं तीन किलोमीटर, आणि रविवारी मागच्या सीटवर आई. ज्या घाटात रेंज नाही तिथं.


कोयनाकाठची लेक

हेच म्हणायचं होतं. केळघर घाटात त्या रात्री माझ्या जागी तुमची आई असती तर, एवढाच विचार करा.


पजेरोप्रेमी

मी मात्र म्हणतो, एजंटला सांगा गाडी दोनशे किलोमीटर चालवू दे, मग पुन्हा स्कॅनर लावू. तयार झाला तर माणूस खरा.


घाटवाटा (सातारा)

विचारलं. "दोन गिऱ्हाईकं रांगेत आहेत" म्हणून फोन ठेवला.

विषय मिटला. वाईट वाटतंय, खोटं का बोलू. काल रात्री आईला सांगितलं की ती खाली बसणारी गाडी नाही घेत. ती म्हणाली, "अरे, मला पाट ठेवलास तरी चढेन की. गाडी कुठं बसायला हवी, मी बसायला हवी."


वडापवाल्याचा पोरगा (पाटण)

आईंना साष्टांग नमस्कार.

पाटाची गोष्ट खरंच करा. आमच्या ट्रॅक्सला वडिलांनी मागं लोखंडी पायरी वेल्डिंग करून घेतली होती, म्हाताऱ्या माणसांसाठी. आता तर दारासोबत बाहेर येणारी पायरी कुठल्याही मोठ्या गाडीला बसवून मिळते.


मिरजेचा फिटर

मूळ प्रश्नावर येतो, कारण आता तो विचारायची खरी वेळ आहे.

माझ्याकडं सर्व्हिसला येणारी एक गाडी आहे. तासगावच्या एका द्राक्ष बागायतदाराची, एकच मालक. जपानी, तीच रानवाट यांनी एका ओळीत सांगितलेली. २०१४ ची, तीन लिटर, फोर बाय फोर, मॅन्युअल. १ लाख ६२ हजार चाललीय. ऐकायला जास्त वाटेल, पण एकेका किलोमीटरचा हिशोब आहे. त्या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो, दीड लाख किलोमीटरला बदलायचा. तो मीच बदललाय, बिल फाइलमध्ये आहे. डीपीएफ नाही, एअर सस्पेन्शन नाही, साध्या स्प्रिंगा. नखरेल चैन मिळणार नाही, मागच्या सीटवर खड्डा कळेल, हे आधीच सांगतो. दोष पण सांगतो: मागचे शॉक अब्सॉर्बर बदलायला आलेत, क्लच वर्षभरात मागेल, डाव्या दाराला बागेतल्या अँगलचा ओरखडा आहे. त्यांना साडेतेरा-चौदा अपेक्षित आहेत. मुलगा नवी घेतोय म्हणून विकतायत, अजून एजंटकडं गेलेली नाही.

माझा यात एक रुपया नाही. हवं तर तपासणी दुसऱ्या मेस्त्रीकडून करून घ्या, मला आनंदच आहे.


अर्ज_क्रमांक_३०

आरसी आणि मागच्या पॉलिसीचा फोटो, वरचं नाव-नंबर झाकून, मला वैयक्तिक निरोपात पाठवा. बोजा आणि बोनस रात्रीपर्यंत बघून सांगतो.


रानवाट

मी एका ओळीत हेच लिहिलं होतं. पण फिटरकाकांसारखं कारणासकट लिहायला हवं होतं, हे मान्य.


घाटवाटा (सातारा)

काका, रविवारी येऊ का तासगावला? चक्रधर दादा स्कॅनर घेऊन येतो म्हणालेत. फोटो पाठवलेत, बोजा नाही आणि बोनस ५० टक्के आहे असं उत्तर आलं.


मिरजेचा फिटर

या. सकाळी सहाला पोचा. मालकांना सांगितलंय, शनिवारी संध्याकाळी लावली की गाडीला हात लावायचा नाही. बॉनेटवर पहिला हात तुमचा.

आणि आईंना घेऊन या. चढून बघू देत, मग पायरी किती खाली पाहिजे त्याचं माप तिथंच घेऊ.